वसईचा वीर चिमाजी आप्पा

(इयत्ता चौथी)



आमच्या भित्तिपत्रकावर दर महिन्याला एका थोर माणसाची माहिती असते. या महिन्यात माझी पाळी नव्हती. पण वर्गातले सगळे मुलगे कबड्डीच्या सरावाला मैदानात गेले आणि मला दमा आहे म्हणून गुरुजींनी मला वर्गात बसवून लिहायला दिलं. मला आधी फार राग आला होता. माझा दादा कबड्डीत पहिला आहे. गावात कोणीही भेटलं की मला माझं नाव विचारत नाही, तू त्याचा धाकटा का, असंच विचारतात. मी गुरुजींना सांगितलं की मी बाजीराव पेशव्यांवर लिहितो. गुरुजी म्हणाले की बाजीराव सगळ्यांना ठाऊक आहे, तू त्याच्या धाकट्या भावावर लिही. म्हणून मी चिमाजी आप्पांवर लिहीत आहे.

चिमाजी आप्पांचं पूर्ण नाव चिमणाजी बल्लाळ. त्यांचा जन्म १७०७ च्या सुमारास झाला. त्यांच्या वडिलांचं नाव बाळाजी विश्वनाथ आणि आईचं नाव राधाबाई. हे भट घराणं मूळचं श्रीवर्धनचं, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातलं! तिथली देशमुखी त्यांच्याकडे होती. पण जंजिऱ्याच्या सिद्दीच्या त्रासामुळे त्यांना गाव सोडून घाटावर जावं लागलं. पुढे बाळाजी विश्वनाथ आपल्या हुशारीने १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे झाले. पेशवे म्हणजे मुख्य प्रधान.

थोरला भाऊ बाजीराव १७०० साली जन्मला. म्हणजे दोघांत सात वर्षांचं अंतर. त्यांना भिऊबाई आणि अनुबाई अशा दोन बहिणी होत्या. बाजीराव घोड्यावर बसून दौडत जायचे आणि जिथे जायचे तिथे जिंकायचे. चिमाजी आप्पांची तब्येत मात्र नाजूक होती. त्यांना छातीचा विकार होता, खोकला यायचा. हे गुरुजींनी सांगितलं तेव्हा मी पुन्हा विचारून घेतलं. खोकला येणारा माणूस सेनापती कसा होईल असं मला वाटलं. आमच्याकडे तर मला थंडीत अंगणात सुद्धा निजू देत नाहीत.

१७२० साली वडील वारले. तेव्हा बाजीराव १९ वर्षांचे होते आणि चिमाजी आप्पा १३ वर्षांचे. शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवेपद दिलं. दरबारातल्या मोठ्या माणसांना ते आवडलं नाही, कारण पोर लहान आहे असं त्यांना वाटलं. मग या दोघा भावांनी कामं वाटून घेतली. बाजीराव उत्तरेकडे लांब लांब मोहिमेवर जायचे. तेव्हा मागे साताऱ्याला महाराजांकडे कोण राहणार, कोणाचं मन वळवणार, कर्ज फेडायला पैसा कुठून आणणार, फौजेला काय लागतं ते कोण बघणार? ते सगळं चिमाजी आप्पा बघायचे. याला राजकारण म्हणतात. आमच्या आजीच्या भाषेत सांगायचं तर मोठा शेतावर आणि धाकटा घरावर. शेतावरचं काम दिसतं. घरातलं दिसत नाही.

पण ते नुसते घरात बसणारे नव्हते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यात अमझेरा या ठिकाणी त्यांनी मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर याच्याशी लढाई केली. गिरधर बहादूर आणि त्याचा नातलग दया बहादूर दोघे ठार झाले. माळव्याची वाट मराठ्यांना मोकळी झाली. तेव्हा आप्पा २१ वर्षांचे होते.

नंतर १७३० साली त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव सदाशिवराव. मुलगा महिन्याभराचा असताना त्याची आई रखमाबाई वारली. मग आजीने म्हणजे राधाबाईंनी त्याला वाढवलं. या मुलाचं पुढे सांगतो.

१७३६ साली आप्पा आपल्या जिल्ह्यात आले. अलिबागजवळ रेवसच्या बाजूला सिद्दी सात नावाचा मोठा सरदार फौज घेऊन लुटालूट करीत होता. आप्पांनी त्याला गाठलं आणि एप्रिल महिन्यात त्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. शाहू महाराजांना फार आनंद झाला. ज्या सिद्दीमुळे त्यांच्या वडिलांना गाव सोडावं लागलं होतं, त्याच सिद्दीचा सरदार. रेवसला आम्ही मामाच्या लग्नाला गेलो होतो, पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं. नाहीतर मी तिथल्या माणसांना विचारलं असतं.

आता मुख्य गोष्ट.

त्या काळी वसई, ठाणे, साष्टी हा सगळा मुलूख पोर्तुगीजांचा होता. साष्टी म्हणजे आताची मुंबईची उपनगरं आणि ठाणे. वसई त्यांनी १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून घेतली होती. त्यांना आपल्याकडे फिरंगी म्हणत. त्यांनी लोकांच्या देवळांवर आणि सणांवर बंदी घातली होती. उघड्यावर पूजा करायची नाही, लग्नाची वरात काढायची नाही. किती तरी लोकांना जबरदस्तीने बाटवलं. लोक रात्रीचे होडीतून पळून दुसऱ्या मुलखात जायचे. भिवंडीजवळ अंजूर गाव आहे. तिथले गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ पेशव्यांकडे गेले आणि आमची सुटका करा असं त्यांनी सांगितलं. नाईकांना तिथल्या खाड्या, उतार, भरती-ओहोटी सगळं पाठ होतं. खाडी कुठे चालत ओलांडता येते हे घाटावरच्या शिपायाला काय ठाऊक? ते आपल्यालाच ठाऊक असतं.

मार्च १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली. ठाण्याला पोर्तुगीज एक नवा किल्ला बांधीत होते. तो बांधून पुरा व्हायच्या आतच मराठ्यांनी तो घेतला. त्याच किल्ल्यात पुढे तुरुंग झाला, तोच ठाण्याचा कारागृह. त्याच साली आपल्या समोरचा बेलापूरचा किल्ला पण घेतला.

बेलापूरच्या किल्ल्याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण तो मी स्वतः बघितला. माझी आत्या बेलापूर गावात दिली आहे. आमच्या गावाहून खाडी ओलांडली की पलीकडे बेलापूर. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा आतेभाऊ किल्ल्यावर गेलो. मला वाटलं होतं रायगडासारखा उंच असेल. तसा नाही. छोटीशी टेकडी आहे, काळ्या दगडांचा पडका बुरूज आहे आणि त्या दगडांत झाडांच्या मुळ्या शिरल्या आहेत. जवळ गोवर्धनी मातेचं देऊळ आहे. पलीकडे मोठे रस्ते आणि महापालिकेची भलीमोठी इमारत. आतेभाऊ बुरजाजवळ धावत गेला, मी हळूहळू गेलो. तिथून खाडी दिसते. तेव्हा मला समजलं की किल्ला इथे का बांधला. खाडीतून पनवेलकडे जाणारं कोणतंही गलबत इथून चुकत नाही.

हा किल्ला आधी सिद्दींनी बांधला. १६८२ साली तो पोर्तुगीजांनी घेतला, १७३७ साली मराठ्यांनी आणि १८१७ साली इंग्रजांनी. इंग्रजांनी त्याचा काही भाग पाडून टाकला. लोक सांगतात की किल्ला मिळावा म्हणून चिमाजी आप्पांनी तिथल्या अमृतेश्वराला बेलाच्या पानांचा हार घालीन असा नवस केला होता आणि त्यावरून बेलापूर हे नाव पडलं. आत्याने मला हे सांगितलं आणि मी ते गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले की ऐकलेली गोष्ट आणि इतिहास यांत फरक करायला शीक, पण ऐकलेली गोष्ट लिहायला हरकत नाही, फक्त लोक सांगतात असं लिही. म्हणून मी तसं लिहिलं आहे.

ठाणं आणि साष्टी मिळाली, पण वसई काही मिळेना. दोन वर्षं गेली. १७३९ च्या सुरुवातीला आप्पा मोठी फौज घेऊन पुन्हा आले. आधी उत्तरेकडची माहीम, केळवे, तारापूर ही ठाणी घेतली. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर नावाचे शूर सरदार गोळी लागून पडले. ते या दोघा भावांचे जिवलग होते. मग फेब्रुवारीत वसईला वेढा पडला.

वसईचा किल्ला कसा आहे ते ऐका. तीन बाजूंनी पाणी आणि दलदल. जमिनीची एकच बाजू, तिथे उंच बुरूज आणि बुरजांवर तोफा. आत शहर होतं, चर्च होती, मोठमोठे वाडे होते. समुद्रातून गोव्याची मदत येऊ शकत होती. ती येऊ नये म्हणून मानाजी आंग्र्यांची गलबतं समुद्रात होती. शिवाय त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्यावर स्वारी केली. हे व्यंकटराव म्हणजे अनुबाईंचे यजमान, आप्पांचे मेव्हणे. गोवेकर आपलंच घर वाचवत बसले, वसईला मदत कुठली पाठवणार? हे मला फार आवडलं. एका ठिकाणची लढाई दुसऱ्या ठिकाणी जिंकायची.

मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे असे मोठे सरदार वेढ्यात होते. मराठ्यांनी वाळूत खंदक खणून मोर्चे पुढे नेले. वरून पोर्तुगीज तोफा डागीत, जळते गोळे टाकीत. पोर्तुगीज पण फार शूरपणे लढले. त्यांचा मुख्य अधिकारी सिल्वेरा लढाईत मारला गेला तरी त्यांनी किल्ला सोडला नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल गेला. आता मिरग जवळ आला. आपल्याकडे मिरग लागला की काय होतं ते सर्वांना माहीत आहे. खंदकात पाणी भरणार, दारू भिजणार आणि सगळी मेहनत फुकट जाणार.

तेव्हाची एक गोष्ट सांगतात. आप्पांनी सर्व सरदारांना बोलावलं आणि सांगितलं की किल्ला आपल्या हाती येत नसेल तर माझं डोकं तोफेच्या तोंडी बांधून किल्ल्यात उडवा, म्हणजे मेल्यावर तरी मी वसईत जाईन. हीसुद्धा लोक सांगतात तशीच गोष्ट आहे. पण दादाला ही सांगितली तेव्हा तो जेवता जेवता थांबला.

मे महिन्यात मराठ्यांनी तटाखाली सुरुंग पुरले. सुरुंग म्हणजे आपल्याकडे विमानतळासाठी डोंगर फोडताना लावायचे तसलेच, त्या धमाक्यांनी आमच्या घराची भांडी वाजायची. सुरुंगांना बत्ती दिली आणि सॅबॅस्टियन नावाचा बुरूज फुटला. मराठे ओरडत आत घुसले. पण एक सुरुंग उशिरा उडाला आणि आपलीच कितीतरी माणसं मेली. हे वाचून मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला केला आणि यावेळी फुटक्या बुरुजावर पाय रोवून उभे राहिले. शेवटी १६ मे १७३९ रोजी किल्ल्यातल्या लोकांनी शरण येण्याचं कबूल केलं. २०५ वर्षांचं पोर्तुगीजांचं राज्य वसईतून संपलं. (मी वजाबाकी दोनदा करून बघितली आहे.)

आता आप्पांनी काय केलं ते बघा. हजारो माणसं मेली होती, फौजेला राग आला असेल. पण त्यांनी कत्तल करू दिली नाही. किल्ल्यातल्या लोकांना आठ दिवसांची मुदत दिली. आपली बायकामुलं, सामान, हत्यारं घेऊन मानाने जा असं सांगितलं. २३ मे रोजी पोर्तुगीज गलबतांत बसून गेले. ज्यांना मागे राहायचं होतं त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली. म्हणूनच आज वसईला किती ख्रिस्ती लोक आहेत आणि ते घरात मराठी बोलतात. आमच्या शाळेत वसईहून आलेल्या एक बाई होत्या, त्या नाताळात आम्हांला घरची मिठाई आणायच्या.

या लढाईबद्दल आप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींना पत्र लिहिलं. त्यात शत्रूच्या शौर्याचीही तारीफ केली आहे. वज्रेश्वरीला त्यांनी देवीला नवस केला होता, म्हणून तिथे किल्ल्यासारखं देऊळ बांधलं गेलं. गणेशपुरीला गरम पाण्याच्या कुंडावर जे लोक जातात त्यांनी ते बघितलं असेल. आणि वसईच्या चर्चमधल्या मोठ्या घंटा मराठ्यांनी आपल्याबरोबर नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आहे. म्हणजे घंटा आणि आप्पा जवळजवळ एकाच वयाचे.

वसई पडली तेव्हा मुंबईचे इंग्रज घाबरले. मुंबई तेव्हा लहान होती. आता आपली पाळी असं त्यांना वाटलं. त्यांनी कॅप्टन इंचबर्ड नावाच्या अधिकाऱ्याला आप्पांकडे पाठवून जुलै महिन्यात तह केला. आणि मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायला घेतला. त्यासाठी व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली. खोकला येणाऱ्या माणसाच्या भीतीने एवढा मोठा खंदक!

एक गोष्ट लिहू की नको असं मला वाटत होतं, पण गुरुजी म्हणाले खरं ते लिही. बाजीरावांची मस्तानी नावाची दुसरी बायको होती. घरच्यांना ती पसंत नव्हती. १७४० साली बाजीराव लढाईवर असताना तिला पुण्यात अटकेत ठेवलं, आणि त्यात चिमाजी आप्पा पण सामील होते. ज्यांनी शत्रूच्या बायकांना मानाने जाऊ दिलं त्यांनी घरात असं का केलं ते मला कळत नाही. आई म्हणाली की मोठ्या घरांत असं चालायचं. मला ते आवडलं नाही.

त्याच वर्षी २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव नर्मदेच्या काठी रावेरखेडीला वारले. दोघा भावांची शेवटची भेट झाली नाही. आप्पांनी दुःख गिळून बाजीरावांच्या मुलाला म्हणजे नानासाहेबांना साताऱ्याला नेलं आणि शाहू महाराजांकडून पेशवाईची वस्त्रं देवविली. स्वतःला पेशवेपद मागितलं नाही. पण आता त्यांचं दुखणं वाढत गेलं. डिसेंबर १७४० मध्ये पुण्यात ते स्वर्गवासी झाले. वय फक्त ३३. त्यांची दुसरी बायको अन्नपूर्णाबाई सती गेली. तेव्हा ती वाईट चाल होती, पुढे १८२९ साली कायद्याने बंदी आली. पुण्याला मुठा नदीच्या काठी ओंकारेश्वराचं देऊळ आहे, तिथे आप्पांची समाधी आहे.

राधाबाईंचे दोन्ही मुलगे एकाच वर्षात गेले. घरात राहिला सदाशिव. आई नव्हती, आता वडील पण नाहीत. मी वजाबाकी केली तर तो १० वर्षांचा निघाला. मी पण १० वर्षांचा आहे. ज्या दिवशी मी हे लिहिलं त्या रात्री मला झोप आली नाही आणि मी बाबांच्या अंथरुणात जाऊन झोपलो. बाबा काही बोलले नाहीत, जागा दिली.

हाच सदाशिव पुढे सदाशिवरावभाऊ झाला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या लढाईत मराठ्यांचा सेनापती तोच होता आणि तिथेच तो गेला. त्याच्यावर आमच्या वर्गातली एक मुलगी पुढच्या महिन्यात लिहिणार आहे, म्हणून मी जास्त लिहीत नाही.

माझा लेख लांबला म्हणून बाईंनी मला दोन कागद जास्त दिले आणि चित्रासाठी जागा उरली नाही. तरी खाली कोपऱ्यात मी बेलापूरचा बुरूज काढला आहे. दगडांना काळा रंग दिला, तो संपला म्हणून अर्धा बुरूज निळा आहे.

कबड्डीत आमची शाळा दुसरी आली. दादाने हा लेख वाचला आणि वसईला चिमाजी आप्पांचा पुतळा आहे तो बघायला जाऊ असं म्हणाला. पालकांना विनंती आहे की या वर्षीची सहल वसईला न्यावी. गुरुजींना मी सांगितलं आहे. ते म्हणाले की पालकांनी हो म्हटलं तर नेऊ.